आप्पांच्या घड्याळाचा पट्टा

यादव आप्पा माझ्या दुकानात शिरायचे ते डावा हात पुढे धरून. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगट उघडं, बोटं सैल सोडलेली. बांगड्या भरायला आलेली बाई हात पुढे करते, अगदी तसा. फरक इतकाच की या हातावर पांढरे केस होते, आणि हाताचा धनी धोतर, काळा कोट आणि टोपी घातलेला, साठी उलटलेला, दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर होता.

माझं बांगड्यांचं दुकान आहे, नंदुरबारच्या बाजारपेठेत. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे बायकांची रांग लागते. तापीकाठच्या गुजर बायका, गावातल्या बायका, सातपुड्यातून चालत उतरलेल्या बायका. या रांगेत पुरुष बसत नाही. बायकोबरोबर आलाच तर रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि ती कधी उठते याची वाट बघतो. आप्पा मात्र रांगेत बसायचे. दोन लुगड्यांच्या मधे, मांडी घालून, उघडा हात गुडघ्यावर ठेवून.

मी ओशाळून म्हणायचो, "आप्पा, पुढे या. तुम्हनं आधी करी टाकस."

"नही रे भिका. मन्हा नंबर येई तव्हय देखसूत."

बायका तोंडाला पदर लावायच्या. एखादी धीट असली तर विचारायची, "आप्पा, हिरव्या भरशात का लाल?"

"घड्याळले इचारीसन सांगस, बाई," आप्पा म्हणायचे. चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

नंबर आला की ते पुढे सरकायचे आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक पुडकं काढायचे. जखमेवर लावतात तो मऊ कापूस, त्यावर पट्टीचं कापड, त्याच्या टोकाला गाठ. ती गाठ ते अशी सोडायचे की आत कुणाचं तरी दुखरं बोट आहे असं वाटावं. आत घड्याळ असायचं. बिनपट्ट्याचं.

घड्याळ जुनं होतं. मागच्या जर्मन लढाईच्या वेळचं. दवाखान्यातले एक गोरे डॉक्टर विलायतेला परत जाताना आप्पांच्या हातावर ठेवून गेले होते. चांदीचं कवच, पांढरी तबकडी, त्यावर बाराचा आकडा तेवढा तांबडा. चालू होतं, आणि चोख चालू होतं. सुरतेची गाडी स्टेशनात शिरली की आप्पा घड्याळ काढून बघायचे आणि उशीर गाडीला झाला आहे असं ठरवायचे. अडचण पट्ट्याची होती. हल्लीच्या घड्याळांना पट्टा अडकवायची काडी निघते, पट्टा बदलता येतो. या घड्याळाला दोन्ही बाजूंना चांदीच्या तारेच्या कड्या होत्या, कायमच्या डाग देऊन बसवलेल्या, आणि त्याही अरुंद. बाजारातला तयार पट्टा त्यांतून जाता जात नसे.

तर असं घड्याळ घेऊन हा माणूस सहा वर्षं, बाजाराच्या प्रत्येक दिवशी, माझ्याकडे पट्टा शोधायला आला. पट्टे विकणारी दुकानं सुरतेला आहेत, धुळ्याला आहेत. माझ्याकडे बांगड्या असतात. पण पहिल्याच दिवशी मी तसं म्हटलं तेव्हा आप्पांनी हात आणखी पुढे केला. "मनगटनं काम कासारनं. दुसराले काय समजस?"

आता माझ्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा राग कळायचा नाही. मी बापाच्या गादीवर बसलेला दुकानदार नाही. खांद्यावर बांगड्यांचे हार टाकून अक्कलकुव्याचा बाजार केला आहे, धडगावचा घाट पायी चढलो आहे. पाय घसरला तर आधी माल सावरायचा आणि मग स्वतःला, असे दिवस काढले आहेत. त्यातून हे दुकान उभं राहिलं. त्या काळात मी एक नेम केला आणि आप्पा येईपर्यंत तो मोडला नाही. माझ्यापुढे ज्यानं हात केला, तो रिकाम्या हातानं उठला नाही. भाव पाडून, गोड बोलून, भांडून, जसं जमेल तसं, पण मी त्याला काहीतरी घालूनच उठवला. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं तापट आहे हे मला माहीत आहे. गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. त्यांना त्यातच मजा वाटते. मी किंमत सांगतो, बाई कपाळाला हात लावते, मी बांगड्या गुंडाळायला घेतो, ती उठायचं सोंग करते, मी तिच्या माहेराचं नाव काढतो. अशी लढाई झाली की दोघांनाही जेवण गोड लागतं.

आप्पा भाव करत नसत.

हे मी किती वेळा बायकोला समजावून सांगितलं असेल. भाव करणाऱ्याला जिंकता येतं. भाव न करणाऱ्याला काय करणार? मी पट्टा चढवायचो, बक्कल लावायचो, मुद्दाम वाटेल ती किंमत सांगायचो आणि आप्पा ओरडतील म्हणून थांबायचो. आप्पा मनगट उजवीकडे वळवायचे, डावीकडे वळवायचे, कानाशी न्यायचे.

"भाव ऱ्हाऊ दे," ते म्हणायचे. "बसना नही."

बसला नाही. एवढंच. का बसला नाही, कुठे बसला नाही, काही नाही. मग हात तसाच पुढे. मी बक्कल काढायचो, घड्याळ कापसात जायचं, पट्टीला गाठ बसायची आणि आप्पा उठायचे. जाताना, बांगडी सहज सरकावी म्हणून मी ठेवलेल्या तेलाच्या वाटीकडे बोट करून बायकांना बजावायचे, "बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये." एवढं वाक्य मात्र पुस्तकी मराठीत. औषधाच्या बाटलीवरची भाषा ते बाटलीवरच्यासारखीच बोलत.

मी काही कमी खटपट केली नाही. आधी सुरतेहून तयार चामडी पट्टा आणला, तो दोन्ही कडांनी कापून अरुंद केला आणि कड्यांतून ओवला. बसना नही. मग इथल्या कारागिराकडून खोगिराच्या कातड्याचा शिवून घेतला, एकाच पट्टीचा, घड्याळाच्या पाठीखालून जाणारा. आप्पांनी वास घेतला. "घोडानं घड्याळ शे का?" तो पट्टा मी रागाच्या भरात समोरच्या गूळवाल्याच्या दुकानावर भिरकावला. गूळवाल्यानं तो आपल्या मांजराच्या गळ्यात बांधला. मांजराला तो इतका छान बसला की आप्पांनी येता-जाता त्याचं कौतुक केलं.

मग तळोद्याच्या एका सोनाराला गाठलं. डोंगरातल्या बायकांचे चांदीचे दागिने करणारा माणूस. त्याला सांगितलं की मनगटाला साजेल अशी नाजूक साखळी कर. त्यानं आयुष्यभर नाजूक काही केलेलं नव्हतं. त्यानं जे केलं ते मी आप्पांच्या हातावर चढवलं तेव्हा रांगेतली एक डोंगरातली म्हातारी आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या हसून लोळायला लागल्या.

"काय सांगस व ती?" मी शेजारच्या बाईला विचारलं. तिला ती भाषा येत होती.

"सांगस, डोकराले कोनता गावमा देवानं शे?" म्हाताऱ्याला नवरीसारखं नटवून कोणत्या गावी द्यायचं आहे, असं.

आप्पांनी त्या म्हातारीकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "आजून जमनं नही, माय." आणि माझ्याकडे हात केला. "काढ. बसना नही."

पुढे ही दुसरी लढाई सुरू झाली, तेव्हा रजेवर आलेल्या एका शिपायाकडून खाकी कापडाचा पट्टा मिळवला. तोही गेला. एकूण किती पट्टे झाले ते मी मोजलं नाही. ते सगळे गादीच्या मागे एका डब्यात पडून होते आणि बायको त्या डब्याला आप्पांचा दवाखाना म्हणायची.

प्रत्येक खेपेला मी एक गोष्ट करायचो, ती इथंच सांगून ठेवतो. बांगडी भरताना कासार हात दाबतो. अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटांची मुळं चेपायची, हात सैल झाला की बांगडी एका झटक्यात वर. तेव्हा दुखतं. म्हणून कासार विचारतो, "दुखस का, माय?" मला ती सवय इतकी जडली आहे की हात हातात आला की जीभ आपोआप चालते. पोराचा ताप बघायला हात धरला तरी मी दुखतंय का विचारतो. आप्पांचं बक्कल लावतानाही तोंडातून निघायचंच, "दुखस का?"

"नही," आप्पा म्हणायचे. ताबडतोब. रुग्णानं डॉक्टरला सांगावं तसं.

आता माझा राग.

याच जिभेनं एकदा माझी अब्रू घालवली होती, आणि ती आप्पांच्याच घरात. आप्पांची बायको काशीबाई तीन महिने अंथरुणावर होती आणि मग गेली. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिचे हात हिरव्या चुड्यानं भरून तिला पाठवतात. हात आखडलेला असला की घरच्या बायकांना ते जमत नाही, मग कासाराला बोलावणं येतं. मला आलं. काशीबाई माझं जुनं गिऱ्हाईक. सव्वादोनचा हात, बारीक आणि कामानं कडक झालेला. दर सणाला ती भाव करायची आणि दर सणाला मला हरवायची. मी घाईघाईत सव्वादोनच्याच बांगड्या उचलून गेलो. तीन महिन्यांच्या दुखण्यानं हात सुजला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तो अडीचचा झाला होता.

पहिलीच बांगडी फुटली. अशा वेळी अशा हातावर काच फुटणं वाईट मानतात. मी घाबरलो. दुसरी बांगडी घेतली, हात आणखी हळू दाबला, अंगठा मुडपला, आणि माझ्या जिभेनं तिचं नेहमीचं काम केलं.

"दुखस का, माय?"

मग मागून एक बाई म्हणाली, "मरेल बाईले इचारी ऱ्हायना हाऊ." कुणीतरी तोंड दाबून हसलं. काशीबाईचा भाऊ उठून माझ्या अंगावर आला. बांगडी फोडली, वर थट्टा करतो, हात ओळखता येत नाही तर दुकान कशाला मांडलं, असं बरंच काही. मी खाली मान घालून उरलेल्या बांगड्या भरल्या. एकही फुटू दिली नाही. हे कुणी बघितलं नाही.

यादव आप्पा समोर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी एक शब्द काढला असता, 'जाऊ द्या, त्याची सवय आहे,' एवढं जरी म्हटलं असतं, तरी तिथंच मिटलं असतं. घरधनी तेच होते. ते बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

ती गोष्ट आठ दिवसांत बाजारभर झाली. अजूनही एखादा टवाळ रस्त्यावरून जाताना हाक मारतो, "भिकाशेठ, मडाले दुखस का?" धडगावचा घाट चढून कमावलेलं नाव, आणि लोकांनी लक्षात काय ठेवलं तर हे. दोष माझ्या जिभेचा होता, कबूल. पण आप्पांच्या गप्प बसण्याला मी माफ केलं नव्हतं. आणि महिन्याभरानं हाच माणूस हात पुढे करून माझ्या दुकानात आला तेव्हा मला वाटलं, हा माझी परीक्षा बघायला आला आहे. त्याच्या मेहुण्यानं म्हटलं होतं, हात ओळखता येत नाही. हा दर बाजाराला, चार बायकांसमोर, तेच म्हणतो आहे. बसना नही.

म्हणून मी ठरवलं होतं की याच्या मनगटावर पट्टा चढवीन आणि याच्याच तोंडून 'बसला' म्हणवून घेईन.

गेल्या साली सुरतेला एका दुकानात मला ती वस्तू दिसली. स्प्रिंगचा पट्टा. बारीक बारीक चकचकीत कड्या, एकीत एक गुंतलेल्या, आणि आत स्प्रिंग. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. बक्कल नाही, भोकं नाहीत. दोन्ही टोकांना चपटे आकडे, कितीही जुनं घड्याळ असो, तारेच्या कडीत अडकवून दाबले की झालं. बायकांच्या घड्याळासाठी केलेला, म्हणून अरुंद. दुकानदाराशी मी अर्धा दिवस घासाघीस केली आणि गाडी चुकवली. पण हसतच घरी आलो.

बाजाराच्या दिवशी आप्पांचा नंबर आला. मी घड्याळ घेतलं, आकडे अडकवले, चिमट्यानं दाबले. मग पट्टा दोन बोटांनी ताणला आणि आप्पांच्या हातावरून सरळ मनगटावर सोडला. अंगठा मुडपावा लागला नाही, हात दाबावा लागला नाही. कट् असा बारीक आवाज झाला आणि घड्याळ आपल्या जागी जाऊन बसलं. घट्ट नाही, सैल नाही. रांगेतल्या बायका पुढे वाकल्या. गूळवालाही गादीवरून उतरून आला.

आप्पांनी मनगट उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं. हात खाली सोडून झटकला. घड्याळ हललं नाही. मग त्यांनी स्वतःच उजव्या हातानं पट्टा ताणून काढला, पुन्हा चढवला. पुन्हा काढला, पुन्हा चढवला.

"बोला, आप्पा," मी म्हटलं. साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हटलं.

आप्पांनी घड्याळ एकदा कानाशी नेलं.

"बसना," ते म्हणाले.

गूळवाल्यानं टाळी दिली. मी सांगितली ती किंमत आप्पांनी गादीवर ठेवली, कोटाची बाही खाली केली, बटण लावलं आणि उठले. तेलाच्या वाटीकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी बायकोला गोड करायला सांगितलं.

पुढच्या बाजाराला आप्पा आले नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, एक जागा मोकळी झाली. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाहीत. बायका विचारायला लागल्या, "आप्पा कथा गयात?" मी म्हणायचो, काम झालं, आता कशाला येतील. तिसऱ्या बाजाराला माझ्या हातून तीन बांगड्या फुटल्या आणि मी एका गरीब गुजर बाईवर विनाकारण ओरडलो. चौथ्या बाजाराला दुपारीच दुकान बायकोवर सोपवलं. पट्टा सैल पडला असेल, सैल पडलेला माल माझ्या नावावर नको, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "जा ना मंग. माले काबर सांगी ऱ्हायनात?"

आप्पांचं घर स्टेशनाकडच्या आळीत. मी सहा वर्षांत तिथं पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडंच होतं. आत भिंतीशी फळीवर डबे ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकावर चिकटवलेली कागदाची चिठ्ठी, सुंदर अक्षरात. 'साखर. दिवसातून दोन वेळा.' 'तूरडाळ. हलवून घेणे.' 'तिखट. जपून.' आप्पा खाली बसले होते. भाजी चिरताना डाव्या हाताचं बोट कापलं होतं आणि ते त्याला पट्टी बांधत होते. मी दारातच थांबलो. कापूस ठेवला, पट्टी फिरवली, टोक दातांत धरलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी गाठ मारली, आणि उरलेलं टोक कात्रीनं कापलं. मी बांगडी चढवतो तितक्या वेळात. त्यांनी त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि या माणसाचं बक्कल मी सहा वर्षं लावत होतो.

"ये भिका," आप्पा म्हणाले. "बठ."

घड्याळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. स्प्रिंगच्या पट्ट्यासकट, चालू.

"पट्टा खराब निंघना का, आप्पा?"

"नही. चांगला शे. सांगं ना तुले, बसना."

"मंग हातमा काबर नही? आनि बाजारना दिन येतस काबर नही?"

आप्पांनी कात्री पुसून डब्यात ठेवली. त्या डब्यावरही चिठ्ठी होती.

"येवानं काय काम शे? हात घाला का आपोआप बशी जास. कोनी लावानं नही, कोनी इचारानं नही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चांगला शे पट्टा. तुन्ही चूक नही."

माझं डोकं तापलं. का तापलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. सहा वर्षांचे पट्टे, बायकांचं हसणं, मांजर. आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही निघालं. त्या दिवशी या खोलीत तुमचा मेहुणा माझ्या अंगावर आला, लोक हसले, तुम्ही तिथं त्या भिंतीशी बसला होतात. एक शब्द काढला नाहीत. का?

आप्पांनी त्या भिंतीकडे बघितलं. बोलले ते इतकं हळू की मला खाली बसावं लागलं.

"मी आयकी ऱ्हायंतू."

"काय?"

"तू तिले इचारं ना. दुखस का." पट्टी बांधलेलं बोट त्यांनी दुसऱ्या हातात धरलं होतं. "मी वाट देखी ऱ्हायंतू, ती काय सांगस."

बाहेर स्टेशनात मालगाडी डबे जोडत होती. त्याचे आदळण्याचे आवाज येत राहिले.

"तीन महिना मी तिनी मलमपट्टी करी," आप्पा म्हणाले. "दिनमा तीन येळा. गाठ बी अशी मारू का तिले समजे नही. पन मन्हा हात चाले, तोंड नही. इचारं नही, भिका. येक डाव बी नही. दवाखानामा इचारानं काम डॉक्टरनं ऱ्हास."

माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं जमत नाही, पण त्या वेळी जमलं. मग उठलो, खिळ्यावरचं घड्याळ काढलं आणि चिमटा नव्हता म्हणून दातांनीच आकडे उघडून पट्टा सोडवला.

"काय करी ऱ्हायना रे?"

"हाऊ पट्टा खोटा शे. केस ओढस."

"नही ओढत."

"ओढस. कासार मी शे का तुम्ही?" विकलेला माल मी आयुष्यात परत घेतलेला नाही. तो घेतला, खिशात टाकला. घड्याळ आप्पांच्या हातावर ठेवलं. "बाजारना दिन या. पन नंबर लागी. आधी कोनले घेवाव नही मी."

बाजाराच्या दिवशी रांग गुळाच्या दुकानापर्यंत गेली होती. त्यात दोन लुगड्यांच्या मधे, बाही दुमडून, आप्पा बसले होते. बोटाची पट्टी निघाली होती. कुणीतरी हिरव्या का लाल असं विचारलं आणि ते घड्याळाला विचारून सांगणार होते.

नंबर आला तेव्हा मी डब्यातून अगदी पहिला पट्टा काढला. सुरतेचा, कडा कापलेला. कड्यांतून ओवला. आप्पांनी हात पुढे केला. मी तो बांगडी भरताना धरतो तसा धरला, दोन्ही हातांत, आणि बक्कल तिसऱ्या भोकात लावलं. जीभ आपोआप चालायची, पण त्या दिवशी मला ते शब्द मुद्दाम उच्चारावे लागले.

"दुखस का?"

सहा वर्षं याला एकच उत्तर होतं आणि ते ताबडतोब यायचं. आप्पा घड्याळाकडे बघत राहिले. तांबड्या बाराकडे.

"थोडं," ते म्हणाले.

मी भोक बदललं नाही. हात तसाच धरून बसलो. मागची बाई चुळबुळली. "भिकाशेठ, आम्हना नंबर कव्हय?"

"थांब माय," मी म्हटलं. "आप्पास्नं आजून व्हयनं नही."

काही वेळानं आप्पांनी स्वतःच, एका हातानं, न बघता, बक्कल सोडलं. घड्याळ कापसात गेलं, पट्टीला गाठ बसली. पट्टा त्यांनी माझ्या गादीवर ठेवला.

"बसना नही, भिका."

मी घासाघीस केली नाही.